मापाचं पाणी

मंजुळाबाई आणि वच्छलाबाई या सख्ख्या जावा. धारूरच्या घाटाखाली त्यांचं गाव, आणि गावात दोघींची घरं एकाच भिंतीला पाठ लावून उभी. मंजुळाबाई थोरली. लग्न होऊन आल्या दिवसापासून वच्छलाबाई तिला अक्का म्हणायची. मागच्या दुष्काळापासून मात्र दोघींचं बोलणं तुटलं होतं.

कारण दुधाचं झालं. गावात बायकांची दूध संस्था निघाली तेव्हा या दोघींनीच दारोदार फिरून बायका गोळा केल्या होत्या. वच्छलाबाई सातवी शिकलेली, म्हणून ती सचिव झाली. दुष्काळात जनावरांना उसाच्या शेंड्यांच्या वाढ्याशिवाय काही मिळेना, दुधं पातळ पडली. एका सकाळी अक्काच्या दुधाला डिग्री लागली नाही, मापात ते पातळ भरलं. आदल्या दिवशीच वच्छलाबाईनं दुसऱ्या दोघींचं दूध याच कारणानं परत केलं होतं, आणि त्या दोघी तिथंच उभ्या राहून बघत होत्या. तिनं किटलीचं झाकण लावलं आणि किटली अक्कापुढं सरकवली. रांगेतून कुणीतरी म्हणालं, "घरच्याच दुधात पाणी व्हय?" अक्कानं किटली उचलली, पदर सावरला आणि गेली. त्यानंतर ती डेअरीची पायरी चढली नाही. दूध धारूरच्या एका हॉटेलात घालायला लागली.

मधल्या काळात अक्काचे मालक राधाकिशन वारले. पोरगा मोहन चाकणला कंपनीत लागला, त्याचं लग्न झालं. प्रत्येक वेळी वच्छलाबाई पलीकडच्या घरात गेली, राबली आणि परत आली. अक्काला तिच्याशी काही बोलायचं झालंच तर ती तिसऱ्या कुणाकडं तरी बघून बोलायची. "त्यांना म्हणावं, चहा झालाय."

मग पुन्हा तसंच वरीस आलं. माजलगावच्या धरणाचा तळ उघडा पडला, विहिरींत बादल्या तळाला वाजायला लागल्या आणि गाव टँकरवर आलं. टँकरवरून घागर नेताना अक्का वाटेत थांबते, हे वच्छलाबाईच्या ध्यानात आलं. आधी एखाद्या वेळी थांबायची, पुढं दर खांबाशी. पाय एवढे सुजले की चपलेत मावेनात, म्हणून तापल्या फुफाट्यातून अनवाणी चालायची. सकाळी धारा काढायला उठलं की भिंतीपलीकडून खोकला ऐकू यायचा. एकदा वच्छलाबाईनं डोकावून पाहिलं, तर अक्का पाठीशी गोधड्यांची चवड लावून बसल्या बसल्याच झोपली होती.

त्याच उन्हाळ्यात संस्थेनं बायकांसाठी हृदय तपासणीचं शिबिर ठेवलं. तालुक्याच्या रस्त्यावर लोकांच्या देणग्यांवर चालणारा एक दवाखाना होता, तिथले डॉक्टर येणार होते. वच्छलाबाईनं नवऱ्याला, सुंदररावाला सांगितलं, "तुमच्या भावजयीला तुमीच घिऊन या."

"अन् न्हाई आली तर?"

"म्हणावं, आमच्यासाठी नगा येऊ. मोहनच्या पोराचं तोंड बघायचं हाय ना, त्याच्यासाठी या."

अक्का आली. बाकीच्या बायकांपासून जरा लांब बसली.

डेअरीच्या हॉलात चादरींचा आडोसा करून खाट टाकली होती. शिबिराला ओव्हाळ सिस्टर आली होती. नेकनूरकडची, बुटकी, मोठ्या आवाजाची बाई. ती बायकांच्या हातापायांना चिमटे लावून हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढायची आणि त्यांची भीती घालवायला सारखी बडबडत राहायची. अक्काची पट्टी निघाली तशी ती गप्प झाली आणि तिनं डॉक्टर मॅडमना हाक मारली. मॅडमनी अक्काच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला, ओल्या मातीत राहावा तसा.

"आजी, तुमचं हृदय थकलंय," मॅडम म्हणाल्या. "रक्त पुढं ढकलायचा जोर राहिला नाही त्याच्यात. म्हणून पाणी पायात साठतंय, छातीत साठतंय. आजच्या आज भरती व्हावं लागेल."

अक्का हसली. "गावात थेंब न्हाई, अन् माज्या अंगात साठलंय व्हय?"

मोहनला फोन लावला. त्याला रविवारशिवाय निघता येत नव्हतं, आणि सुनेचे दिवस भरत आले होते. बायकांच्या वॉर्डात सोबतीला बाईच हवी. वच्छलाबाईनं पिशवीत दोन लुगडी टाकली. सुंदरराव म्हणाला, "तू कावून चाललीस? ती तर तुज्याशी बोलतबी न्हाई."

"बोलायला न्हाई चालले. बसायला चालले."

पहिला दिवस तसाच गेला. अक्का खाटेवर, वच्छलाबाई खाली चटईवर. अक्काला नळी लावलेली, नाकावर ऑक्सिजन. तिला काही हवं असलं की ती ओव्हाळ सिस्टरला म्हणायची, "त्या बाईला सांगा, पांघरूण घाल म्हणावं." सिस्टर आधी वच्छलाबाईकडं बघायची, मग अक्काकडं, आणि मोठ्यानं म्हणायची, "ओ त्या बाई, पांघरूण घाला म्हणत्यात!" सारा वॉर्ड हसला. वच्छलाबाईही हसली. अक्कानं तोंड फिरवलं, पण तिचे खांदे हलताना वच्छलाबाईला दिसले.

मॅडमनी दोन गोष्टी बजावून ठेवल्या होत्या. मीठ बंद, आणि पाणी मोजून. सकाळी लिटरभराची बाटली भरायची. चहा, गोळ्या, सगळं धरून दिवसभर तेवढंच. बाटली वच्छलाबाईच्या हातात दिली होती. इंजेक्शनानं अंगातलं पाणी निघायला लागलं तशी अक्काच्या तोंडाला कोरड पडली. ओठ फुटले. दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डावरचे पत्रे तापलेले असताना तिनं हात पुढं केला.

"वच्छला, पाणी दे."

तेवढ्या वर्षांत तिनं पहिल्यांदा नाव घेतलं होतं. वच्छलाबाईनं बाटली उजेडात धरून पाहिली आणि एक घोट ओतला. अक्कानं तो तोंडात धरून ठेवला, मग गिळला आणि पुन्हा हात पुढं केला.

"आता सांजच्याला, अक्का."

अक्का तिच्याकडं बघत राहिली. "माझं दूधबी तूच मापलंस. आता पाणीबी तूच माप."

वच्छलाबाईनं बाटलीचं झाकण आवळलं. अक्काच पुढं म्हणाली, "त्या साली गाय नुसत्या वाढ्यावर व्हती गं. पाणी न्हवतं घातलं मी."

"मला म्हाईत व्हतं, अक्का."

"म्हाईत व्हतं तर चार बायांत म्हणायचं व्हतंस."

"व्हय. म्हणायचं व्हतं."

एवढंच झालं. त्यावर कुणी रडलं नाही. रात्री अक्कानं अळणी भाकरीचा तुकडा पुढं केला. "खाऊन तर बघ, कसली माती खायला घालत्यात मला." दोघींनी ती भाकरी मिळून संपवली.

सूज उतरली. अक्का आडवी पडून झोपायला लागली. घरी सोडताना मॅडमनी वच्छलाबाईला बाजूला घेतलं. "हे बरं होणारं दुखणं नाही. सांभाळायचं आहे. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही. रोज वजन करा. एकदम वाढलं तर समजा, पाणी साठतंय. लगेच आणा."

गावात माणूस तोलता येईल असा काटा डेअरीतच होता, पेंडीची पोती तोलायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी वच्छलाबाईनं अक्काचा दंड धरला आणि तिला घेऊन निघाली. दूध घालायला बायकांची रांग लागलेली. पायरीशी अक्का थांबली. ती धाप लागून थांबली की दुसऱ्या कशानं, ते वच्छलाबाईनं विचारलं नाही. रांगेत साखराबाई होती, अक्काच्या आदल्या दिवशी ज्या दोघींचं दूध परत गेलं होतं त्यांच्यातली एक. तिच्यासकट सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वच्छलाबाई म्हणाली, "सरका गं, अक्काला येऊ द्या. ही संस्था निम्मी तिनं उभी केलीय. तिच्या दुधात कदी पाणी न्हवतं, तेबी ऐकून ठिवा." बायका सरकल्या. अक्का काट्यावर उभी राहिली. तिचे डोळे भरले होते, आणि त्या पाण्याला माप नव्हतं.

मग ते रोजचंच झालं. वजन, गोळ्या, बाटली. दोघींची चूल एक झाली. भिंतीला पाठ टेकून अक्का शेंगा निवडायची आणि एवढ्या वर्षांचं साठलेलं बोलायची. राधाकिशन आजारात काय काय म्हणायचे, सून कशी आहे, चाकणच्या खोलीत वारा कसा येत नाही. मोहनला मुलगी झाल्याचा फोन आला तेव्हा तिनं वच्छलाबाईच्या तोंडात साखर घातली. "पावसाळ्यात बारशाला जाऊ दोघी," ती म्हणाली. वच्छलाबाई हो म्हणाली.

वैशाखाचा शेवट आला तसा टँकरचा नेम राहिला नाही. दोन दिवस आलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी रस्त्यावर हॉर्न वाजला आणि गाव घागरी घेऊन पळालं. वच्छलाबाईनं दोन्ही घरच्या घागरी उचलल्या. अक्का दाराशी भिंतीला टेकून बसली होती.

"वच्छला, घोटभर दे गं. टाळू लई वाळलीय."

बाटली सकाळीच निम्मी झाली होती आणि उन्हाच्या तडाख्यात दुपारपर्यंत संपली होती. माठात तळाला पाणी होतं. वच्छलाबाईनं माठाकडं पाहिलं. सकाळी काट्यावर वजन थोडं वाढलेलं दिसलं होतं. संध्याकाळची एसटी धरून दवाखान्यात जायचं तिनं मनाशी ठरवलंही होतं.

"आजचं सपलंय, अक्का. आलेच मी. मग दवाखान्यात जाऊ, सिस्टरला इचारू वाढवून देती का."

"बरं," अक्का म्हणाली. "पळ, न्हाईतर नंबर जाईल."

टँकरवर झोंबाझोंबी झाली. पाईप एकीच्या हातातून दुसरीच्या हातात ओढला जात होता. वच्छलाबाईनं दोन्ही घरच्या घागरी भरून घेतल्या आणि दोन खेपा करायच्या म्हणून पहिल्या घागरी घेऊन घाईनं आली. अक्का तशीच भिंतीला टेकलेली होती. मान एका अंगाला. वच्छलाबाईला वाटलं, डोळा लागला. घागरी खाली ठेवून तिनं हाक मारली. मग खांद्याला हात लावला.

बाया जमल्या. सुंदररावानं गाडी बोलावली होती, तिचा उपयोग नव्हता. साखराबाई म्हणाली, "तोंडात पाणी घाला गं कुनीतरी." सगळ्यांनी वच्छलाबाईकडं पाहिलं. तिनं भरल्या घागरीतून तांब्या बुडवला आणि अक्काच्या ओठांना लावला. पाणी ओठांच्या कोपऱ्यातून गळ्यावर ओघळलं आणि लुगड्यात जिरलं. वच्छलाबाई ओतत राहिली. शेवटी सुंदररावानं तिचा हात धरला.

मोहन आला, सगळं रीतीप्रमाणं झालं. तेराव्यानंतर तो जायला निघाला आणि चपला घालताना म्हणाला, "काकू, साखरामावशी म्हणत होत्या, तुम्हीच सांगितलंत त्यांना, आईनं पाणी मागितलं होतं."

"व्हय."

"मग?"

"न्हाई दिलं. बाटली सपली व्हती."

मोहन चपलेचा पट्टा ओढत राहिला. "डॉक्टरांनीच सांगितलंतं ना. तुम्ही बरोबरच केलं," तो म्हणाला. पण म्हणताना त्यानं वर पाहिलं नाही. वच्छलाबाईनं चहा ठेवला होता. गाडीला उशीर होईल म्हणून तो न घेताच गेला.

त्यानंतर आठवडाभरानं वच्छलाबाई उरलेल्या गोळ्या द्यायला दवाखान्यात गेली. कुणा गरजूच्या उपयोगी पडतील म्हणून. ओव्हाळ सिस्टरनं तिला बाहेरच्या बाकावर बसवलं आणि सगळं ऐकून घेतलं.

"मला एक सांगा सिस्टर," वच्छलाबाई म्हणाली. "त्या टायमाला मी एक गिलास दिला असता, तर काय झालं असतं?"

दुसरं कुणी असतं तर सिस्टरनं वेगळं सांगितलं असतं, पण या बाईशी तिला खोटं बोलवेना.

"एका गिलासानं काही झालं नसतं. त्यांची वेळ भरलीच होती. दिला असता तरी, नसता दिला तरी."

"म्हंजे द्यायला चाललं असतं."

"हो."

"मग द्यायला पायजे व्हता."

आतून सिस्टरला कुणीतरी हाक मारली, तरी ती उठली नाही. तिनं वच्छलाबाईचा हात आपल्या मांडीवर घेतला, आणि एसटी येईपर्यंत दोघी त्या उन्हाकडं बघत बसून राहिल्या.