खुर्चीवरचा दिवा

शिडीच्या मध्यावर थांबून मर्विन ट्रेझाइसने वर पाहिलं आणि विचारलं, "वर पंखा आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

"खुर्ची तरी?"

"आहे. ती माझी. तुझ्यासाठी स्टूल ठेवलंय."

तो धापा टाकत वर आला, डोकं पत्र्याला आपटून घेतलं आणि आमच्या हॉलची प्रकाशखोली त्याने आयुष्यात पहिल्यांदा आतून पाहिली. दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरी गावच्या आमच्या नाट्यमंडळात हा माणूस वर्षानुवर्षं नायक होता. केस काळे करून साठीतही विशीतल्या पोरीच्या गळ्यात पडायचा. मंडळाला त्यात काही गैर वाटत नसे, कारण आमच्याकडे विशीतली पोरगीसुद्धा पन्नाशीची असते. एवढ्या काळात त्याने मान वर करून माझ्याकडे पाहिलं ते फक्त तक्रारीपुरतं. "व्हर्ना, डाव्या गालावर उजेड कमी पडतोय!" डावा गाल जास्त देखणा आहे असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. बहुधा त्यानेच.

धंद्याने तो मेंढ्यांचे लिलाव पुकारायचा. आवाज मोठा, डोकं रिकामं. आमच्या रंगभूमीला एवढं पुरतं. मग गेल्या वर्षीच्या प्रयोगात, मेलेल्या मित्राच्या विधवेला धीर देता देता, तो थांबला. तोंड उघडंच राहिलं. आणि त्यातून वाक्याऐवजी लिलाव सुरू झाला. "ऐंशी! ऐंशी, पंच्याऐंशी, कुणी नव्वद?" विधवेचा हात हातात धरून! हॉल हसून हसून आडवा झाला. शेवटी पडदा पाडावा लागला. दुसऱ्या दिवशी इस्पितळातून कळलं की मेंदूत गुठळी अडकली होती. ते कळल्यावरही गाव हसायचं थांबलं नाही. फक्त हसण्याआधी 'बिचारा' म्हणू लागलं.

मर्विन हिंडूफिरू लागला, पण शब्द त्याला दगा देऊ लागले. उजवा हात थरथरायचा, उजवा पाय मागे रेंगाळायचा. त्याचं आता काय करावं ते मंडळाला कळेना. काढून टाकायची हिंमत नाही आणि ठेवून घ्यायची माया नाही. त्याच सुमारास माझ्या खुब्याची शस्त्रक्रिया ठरली. नाटक संपलं की मी ॲडलेडला जाणार आणि नंतर शिडी कायमची बंद. तेव्हा आमची दिग्दर्शिका लॉरेल पेंगेली मला म्हणाली, "मर्विनला शिकव ना. त्याला बरं वाटेल." लॉरेलबाई शाळेत नाट्यशिक्षिका होत्या, त्यामुळे सगळ्यांना बरं वाटावं हा त्यांचा धंदाच. अर्थ एवढाच की मंडळाची अडगळ माझ्या खोलीत येऊन पडली.

"हे काय आहे?" मर्विनने नव्या कन्सोलकडे बोट दाखवलं.

"दिव्यांचा कन्सोल. प्रत्येक दिव्याला एक नंबर आहे. नंबर निवडायचा, ही पट्टी वर सरकवायची, हवा तेवढा उजेड आला की नोंद करायची. झाला एक क्यू. असे सगळे क्यू ओळीने आत ठेवायचे. नाटकात वेळ आली की हे मोठं बटण दाबायचं. एक दाबलं की एक क्यू जातो आणि पुढचा तयार होतो."

"एवढंच? हे तर माकडसुद्धा करेल."

"म्हणूनच तुला पाठवलंय."

तो माझ्याकडे बघत राहिला. काहीतरी झणझणीत बोलायचं असणार, पण शब्द सापडला नाही. मी वाट पाहिली नाही.

माकड त्याच्यापेक्षा लवकर शिकलं असतं हे मी प्रामाणिकपणे सांगते. तो आकडे उलटे दाबायचा. बारा म्हटलं की एकवीस लागायचा आणि नाटकातल्या कप्तानाच्या घराऐवजी हॉलच्या संडासाबाहेरचा दिवा पेटायचा. पट्टी सरकवताना हात थरथरला की रंगमंचावर वीज गेल्यासारखं व्हायचं. उत्तरेच्या वाळवंटाकडून गरम वारा सुटला होता, पत्रा तापलेला, आणि माझ्या शेजारी घामाने भिजलेला एक माजी नायक चुकीचे दिवे लावत बसलेला. मी त्याला जे जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. तोही काही कमी नव्हता. शब्द हरवले तरी शिव्या त्याच्या जागच्या जागी होत्या.

नाटक एका म्हाताऱ्या कप्तानाचं होतं. समुद्र सोडून किनाऱ्यावरच्या घरात मरायला आलेला माणूस. तेच नाटक मंडळाने पूर्वी केलं होतं तेव्हा कप्तान मर्विन होता. आता ती भूमिका ग्रँट हॉडरकडे गेली होती. ग्रँट ट्रॅक्टर विकतो. कप्तानाची टोपी घातली तरी तो ट्रॅक्टर विकणाराच दिसतो. तालमीत वर बघून तो हमखास ओरडायचा, "काय मर्व, आज मेंढी कितीला गेली?" आणि विंगेतली सगळी मंडळी फिदीफिदी हसायची. ही यांची विनोदबुद्धी.

पहिल्या रंगीत तालमीत गोंधळ झाला. बायकोच्या आठवणीचं भाषण चालू होतं. मर्विनने बटण दाबलं, खिडकीवर सुंदर संध्याकाळ उतरली. खिडकीपाशी कुणीच नव्हतं. ग्रँट टेबलाजवळ अंधारात उभा राहून बोलत होता.

"मर्विन!" लॉरेल खालून किंचाळली. "खिडकीत कुणाला बघतोयस? भूत आहे का तिथे?"

"तो चुकीच्या जागी उभाय," मर्विन मला म्हणाला. "तिथे खिडकीकडे जायचं असतं. मग थांबायचं."

"तू जायचास. तो जात नाही."

"चुकतोय तो."

"चुकू दे. उजेड माणसाच्या मागे जातो, मर्विन. तू अजून स्वतःलाच उजेड देतोयस. आणि तू खाली नाहीयेस."

हे मी त्याला दुखवायलाच म्हणाले होते आणि त्याला दुखलंही. स्टुलावरून उठून तो शिडी उतरून निघून गेला. मला वाटलं, सुटले.

दोन दिवसांनी बाजारात त्याची बायको आयलीन भेटली. सहनशील बाई. इतकी सहनशील की मला तिचाही राग येतो.

"व्हर्ना, तू त्याला काय शिकवलंयस?" ती म्हणाली. "जेवणघरातला दिवा हळूहळू कमी करायचं बटण आहे ना आमच्याकडे, त्यावर दिवसभर हात ठेवून उभा असतो. उजेड खाली, उजेड वर. मी अंधारात बटाटे सोलते. आज बोट कापलं."

"मग ओरड ना त्याच्यावर."

"ओरडले. तर म्हणाला, तू टेबलाकडून चुलीकडे जा, हळू जा. मी गेले. माझ्या पाठीमागून उजेड आला गं." ती थोडी लाजली. "एवढ्या वर्षांत मी चुलीकडे जाताना त्याने कधी बघितलं नव्हतं."

मला यात लाजण्यासारखं काही दिसलं नाही. पण मर्विन परत आला तेव्हा मी त्याला स्टुलाऐवजी माझी खुर्ची दिली. पट्टीपर्यंत हात नीट पोचावा म्हणून, बाकी काही नाही. तो आता खाली ग्रँटकडे बघायचा. ओठ बंद ठेवून, भुवया आवळून, लिलावाआधी जनावर बघतात तसा. ग्रँट श्वास कुठे घेतो, उठण्याआधी गुडघ्यावर हात कसा टेकतो, खोटं बोलताना मान कुठे वळवतो. बटण वेळेवर दाबलं जाऊ लागलं. मी शाबासकी दिली नाही. वेळेवर बटण दाबणं हे त्या कामाचं किमान आहे.

आमचे प्रयोग दुपारी असतात, कारण आमचा प्रेक्षक संध्याकाळी झोपतो. शुक्रवारी पहिला प्रयोग होता. हॉल भरलेला, खाली पेस्ट्यांचा, म्हणजे मांस-बटाटा भरलेल्या करंज्यांचा वास, पंखे सोडून सगळं काही हलत होतं. मर्विनच्या कानाला हेडफोन, त्यातून विंगेतली लॉरेल बोलणार. मी मागे स्टुलावर.

शेवटच्या अंकापर्यंत ठीक चाललं. मग ग्रँट हॉडरने जे केलं ते ट्रॅक्टर विकणाराच करू जाणे. एका वाक्यावर अडखळला आणि पुढचं आठवेना म्हणून त्याने सरळ नाटकाच्या शेवटावर उडी मारली. मधलं अख्खं वादळ गिळून टाकलं! खुर्चीत बसला आणि मरणाचं भाषण सुरू केलं. इकडे कन्सोलवर पुढचा क्यू वादळाचा. बटण दाबलं की विजा आणि निळा कल्लोळ.

हेडफोनमधून लॉरेलचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. "दाब! पुढचा दाब! मर्विन, दाब ना!"

मर्विनने बोट बटणावरून उचललं.

"नाही," तो म्हणाला. "तो… तो दारात… नाही, दार नाही…" शब्द सापडेना. "बसलाय तो."

शेवटच्या क्यूवर उडी मारायची तर आकडा दाबायला हवा होता, आणि आकड्यांशी त्याचं वैर होतं. मी हात पुढे केला. त्याने कोपराने मला मागे सारलं. कन्सोलवर एक पट्टी त्याने खुर्चीवरच्या दिव्याला जोडून ठेवली होती. मला न विचारता. ती त्याने धरली, बाकी सगळं रिकाम्या हाताने खाली ओढलं, आणि खुर्चीतला ग्रँट तेवढा उजेडात उरला. भाषण संपत आलं तसा तो दिवा खाली आणू लागला. हात थरथरत होता. दिवाही थरथरत होता. मरणाऱ्या माणसावरचा उजेड लपलपत खाली गेला आणि विझला.

मग टाळ्यांचा कडकडाट. पुढच्या रांगेतली एक बाई हमसाहमशी रडत होती. हे गाव फ्यूज उडाला तरी टाळ्या वाजवेल असं मला नेहमी वाटत आलंय.

खाली चहाच्या वेळी सगळे ग्रँटभोवती. "तो शेवटचा दिवा! कसा थरथरला! काय सुचलं हो तुम्हाला!"

"हो, ते आम्ही मुद्दाम बसवलं," ग्रँट म्हणाला आणि एक स्कोन तोंडात कोंबला. वादळ गिळल्यावरही त्याला भूक होती.

लॉरेल धावत मर्विनकडे आली. पाच मिनिटांपूर्वी हीच त्याच्या कानात किंचाळत होती. "मर्विन, राजा, जादू केलीस तू! ती थरथर आपण कायमची ठेवू. व्हर्ना, कन्सोलमध्ये नोंदवता येईल ना?"

"येईल," मी म्हणाले. "कन्सोलला काय, सांगू तसा थरथरेल."

मर्विनचा चेहरा लालबुंद झाला. त्याने थरथरता हात पँटच्या खिशात घातला. "ते नाटकाचं नाही," तो म्हणाला. "ते हाताचं आहे."

"अरे, पण लोकांना आवडलं!"

"लोकांना लिलावही आवडला होता," मर्विन म्हणाला.

इतकं नेमकं वाक्य त्याच्या तोंडून मी वर्षभरात ऐकलं नव्हतं. लॉरेलने ते ऐकलं नाही असं दाखवलं. तिला तेही बरं जमतं.

शनिवारी त्याने मला वर येऊ दिलं नाही. "खुबा सांभाळ," म्हणाला. मी हॉलमध्ये बसले. दिवा पुन्हा थरथरला, जरा कमी. रविवारी सकाळी मी हॉलवर विसरलेली छत्री आणायला गेले, तर वर तो एकटाच. रिकाम्या खुर्चीवर उजेड खाली, उजेड वर. सदरा पाठीला चिकटलेला. उजव्या हाताचं मनगट त्याने डाव्या हाताने गच्च धरलं होतं आणि दोन्ही हात मिळून ती एवढीशी पट्टी ओढत होता, गाळात रुतलेली होडी ओढावी तसा. मी हाक मारली नाही.

दुपारी शेवटच्या प्रयोगाला मी वर जाऊन मागे बसले. माझी तिथली शेवटचीच दुपार, मला कोण अडवणार! ग्रँटला त्या दिवशी सगळं पाठ होतं, वादळसुद्धा. शेवटचं भाषण आलं. मर्विनने मनगट धरलं. दिवा उतरू लागला आणि उतरतच गेला. कुठे अडखळला नाही, कुठे लपलपला नाही. ओहोटीचं पाणी चिखलावरून मागे जातं तसा उजेड ग्रँटच्या कपाळावरून, हातांवरून मागे गेला. कधी संपला ते कळलंच नाही.

टाळ्या पडल्या. शुक्रवारपेक्षा कमी. रडलं कुणी नाही.

लोक बाहेर पडले तशी लॉरेल रंगमंचावर येऊन कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "मर्विन! थरथर कुठे गेली? मी तुला सांगितलं होतं ना, ठेव म्हणून! शेवट किती सपाट झाला!"

मर्विनने प्रकाशखोलीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. तो बराच वेळ शब्द शोधत होता आणि लॉरेल खाली पाय आपटत होती.

"माझा कप्तान भ्यायचा," तो शेवटी म्हणाला. "मरताना. ग्रँटचा… ग्रँटचा भीत नाही. मग दिव्याने कशाला भ्यायचं?"

"काय बोलतोयस तू?" लॉरेल म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता चहाकडे गेली.

ग्रँटचा कप्तान भीत नव्हता हे खरं होतं. फ्रीजही कशाला भीत नाही. पण त्या फ्रीजकडे एवढं निरखून गावात दुसऱ्या कुणी पाहिलं नव्हतं. ग्रँटने स्वतःही नाही.

मर्विनने कन्सोल बंद केला, हेडफोन खुंटीला अडकवला. मग तो शिडीकडे पाठ करून वळला. आधी डावा पाय, मग हाताने पँट धरून उजवा पाय उचलून खालच्या पायरीवर ठेवला, नीट टेकला आहे का ते अंगठ्याने चाचपलं आणि पुढच्या पायरीसाठी पुन्हा तेच. खाली चहाच्या टेबलाजवळ कुणीतरी मोठ्याने हसलं. त्याने मान वळवली नाही. मी वरून बघत राहिले. माझा हात त्याच्या खांद्यापर्यंत सहज पोचला असता. मी तो पुढे केला नाही.