मेबल आणि न दिसणारं कुंपण

हार्लन डिट्झने आयुष्यभर पोरांना कुस्ती शिकवली. ओहायोतल्या त्या गावात तो हायस्कूलच्या संघाचा कोच होता. निवृत्त होऊन बराच काळ लोटला तरी हार्डवेअरवाला, दातांचा डॉक्टर आणि अग्निशमन दलाचा प्रमुख त्याला अजून 'कोच' म्हणत, आणि तो समोर आला की नकळत पोट आत घेत. पोरांना त्याने कधी डोक्यावर बसवलं नाही. कुणी उशिरा आला की पळायला लावायचा, कुणी कुरकुर केली की आणखी पळायला लावायचा. असा हा माणूस, आणि त्याला एका बुटक्या कुत्रीने पार नाचवलं.

कुत्रीचं नाव मेबल. जातीने बॅसेट हाउंड, म्हणजे पाय आखूड, अंग लांबलचक, कान जमिनीला घासणारे आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी वारल्यासारखा भाव. ती खरी हार्लनच्या मुलीची, जनीनची. जनीनला टेक्ससमधल्या एका हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली आणि तिथल्या भाड्याच्या घरात कुत्री चालत नव्हती, म्हणून 'थोड्या दिवसांसाठी' तिने मेबलला आईवडिलांकडे ठेवलं. मुलगी इतक्या लांब गेली याचा हार्लनला राग होता, पण तो राग त्याने टेक्ससवर काढला. तिथे उकाडा फार, तिथली माणसं बढाईखोर, आणि विमानात आपले गुडघे मावत नाहीत, असं सांगून तो एकदाही तिकडे गेला नाही. बायको वर्ना एकटीच जाऊन आली.

मेबलचा एकच दोष होता. नाक जमिनीला लागलं की ते नाक नेईल तिकडे ती जायची. वसाहतीच्या नियमाप्रमाणे कुणालाच अंगणाला कुंपण घालायची परवानगी नव्हती. सगळ्यांची हिरवळ एकमेकांत मिसळलेली. त्यामुळे मेबलच्या दृष्टीने सगळी वसाहतच डिट्झ कुटुंबाची होती. ईस्टरच्या दिवशी ती शेजारच्या ओपल केसलरच्या मागच्या ओट्यावर गेली, टेबलावरच्या कापडाचं टोक तोंडात धरलं आणि ओढलं. वर हॅम होता, म्हणजे डुकराची भाजलेली मांडी, निवायला ठेवलेली. पाहुणे पुढच्या खोलीत बसले होते.

ओपल वसाहतीच्या समितीची अध्यक्ष. संध्याकाळी ती हातात ते कापड घेऊन डिट्झांच्या दारात उभी राहिली. आवाज तिने अजिबात चढवला नाही.

"हॅम गेला त्याचं काही नाही, हार्लन," ती म्हणाली. "पण तुमच्या कुत्रीमुळे मी माझ्या नणंदेला ईस्टरला नुसती उकडलेली अंडी वाढली. आता ती मरेपर्यंत हे सांगत राहील."

दुसऱ्याच दिवशी वर्नाने जमिनीखालच्या कुंपणवाल्यांना फोन केला.

त्यांच्याकडून कोरीन नावाची मुलगी आली. तिचा बाप एकेकाळी हार्लनच्या हाताखाली कुस्ती खेळलेला, त्यामुळे तीही त्याला कोचच म्हणायला लागली. तिने अंगणाच्या कडेने हिरवळीत बारीक चर पाडून तार पुरली, तिची टोकं गॅरेजमधल्या एका डबीला जोडली आणि तारेच्या अलीकडे पांढऱ्या झेंड्या रोवल्या. मेबलच्या गळ्यात एक पट्टा बांधायचा. झेंड्यांपाशी आली की पट्टा टीटी वाजणार, तरी पुढे गेली की छोटासा झटका बसणार. झटका किती, ते डबीवरच्या खटक्याने ठरवायचं. आधी दोरी धरून रोज झेंड्यांपर्यंत न्यायचं, आवाज आला की मागे वळवायचं आणि वळली की खाऊ द्यायचा. शिकली की झेंड्या हळूहळू काढून टाकायच्या.

हार्लनने हे सगळं ऐकलं आणि म्हणाला, आधी मला बघू दे. जे आपण सोसलं नाही ते दुसऱ्याला सोसायला लावायचं नाही, हे त्याचं जुनं तत्त्व. त्याने पट्टा मनगटावर घट्ट दाबून धरला आणि छाती पुढे काढून झेंड्यांकडे चालत गेला. पट्टा वाजला. तो थांबला नाही. मग त्याच्या तोंडून असा एक शब्द गेला, जो त्याने पोरांसमोर कधी काढला नव्हता. शेजारच्या घराची खिडकी हळूच बंद झाल्याचा आवाज आला.

"बॅसेटसाठी याच्यापेक्षा कमी ठेवतो आपण," कोरीन म्हणाली. हसू येऊ नये म्हणून ती झेंड्यांकडे बघत होती.

त्या दिवसापासून हार्लनचं मन काही धजेना. कोरीन गेल्यावर तो गॅरेजमध्ये गेला आणि खटका शून्यावर आणून ठेवला. आता पट्टा नुसता वाजणार. मग रोज सकाळी खिशात चीजचे तुकडे भरून तो मेबलला घेऊन झेंड्यांपाशी जायला लागला. मेबल तो आवाज ऐकून घ्यायची, चीज खायची, आणि दोरी सुटली की पुन्हा ओपलच्या ओट्याकडे चालू पडायची. झटका बसत नाही का, असं वर्नाने विचारलं. तिची कातडी जाड आहे, असं हार्लनने सांगितलं. वर्ना गॅरेजमध्ये गेली, डबी बघून आली आणि कमरेवर हात ठेवून त्याच्यापुढे उभी राहिली.

"लोकांच्या पोरांना उलट्या होईपर्यंत पळवलंस आयुष्यभर," ती म्हणाली. "आणि हिच्यापुढे विरघळलास?"

"पोरांना का पळवतोय ते सांगता यायचं," हार्लन म्हणाला. "हिला कसं सांगू?"

वर्नाने कोरीनला पुन्हा बोलावलं. कोरीन रागावली नाही. बरेच जण असंच करतात, म्हणाली. खरं शिकवतो तो आवाज, झटका नुसता पाठीशी असतो. धीर असेल तर काही कुत्री नुसत्या आवाजावर आणि खाऊवरही शिकतात. फक्त हाउंडची खात्री देता येत नाही, कारण त्यांचं नाक चालू झालं की कान बंद होतात.

खात्री देता येत नाही, एवढं ऐकल्यावर हार्लनला हुरूप आला. त्या क्षणापासून मेबल त्याच्या संघात दाखल झाली. सकाळी, दुपारी, जेवणाआधी, तो तिला घेऊन अंगणाच्या कडेने फिरायचा. आवाज झाला की पाऊल मागे, वळली की चीज, आणि कानाशी वाकून शाबासकी. ज्या माणसाच्या ओरडण्याने व्यायामशाळेच्या काचा थरथरायच्या, तो एका कुत्रीशी इतका हळू बोलतोय, हे बघायला वसाहतीतले लोक गाड्या सावकाश चालवायला लागले. अग्निशमन दलाचा प्रमुख तर एकदा गाडी थांबवून म्हणाला, "कोच, आमच्या वेळी चीज कुठे होतं?" हार्लनने त्याला पुढे व्हायला सांगितलं.

आणि मग एके दिवशी झुडपाखालून ससा निघाला. मेबल मोकळी होती. ससा सुटला ओपलच्या अंगणाकडे आणि मेबल त्याच्या मागे, कान मागे उडतायत, पोट गवताला घासतंय. आता गेली, हार्लनच्या मनात आलं. तेवढ्यात पट्टा वाजला. मेबलने चारही पाय रोवले, गवतावर घसरली, थांबली. निघून गेलेल्या सशाकडे तिने एकदा दुःखाने पाहिलं. मग वळून ती हार्लनच्या दिशेने दुडदुडत आली.

हार्लन गवतावर बसला आणि खिशात होतं नव्हतं ते सगळं चीज त्याने तिला दिलं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वर्नाला तो नाक शिंकरताना दिसला. झुडपांना फुलं आल्यामुळे त्रास होतो, असं त्याने आत आल्यावर न विचारताच सांगितलं.

आता मेबल शिकली, पण जरा जास्तच शिकली. मायक्रोवेव्ह वाजला की ती असेल तिथून वळायची आणि हार्लनपुढे येऊन चीजसाठी बसायची. ओव्हन वाजला तरी तेच. कचऱ्याची गाडी मागे येताना वाजायला लागली की मेबल अंगणातून धावत घरात. ती गोल होत चालली.

दुसरी पंचाईत त्याहून मोठी. ती अंगणाबाहेर पाऊल टाकेना. पट्टा काढला, दोरी बांधली, गोड बोललं, तरी जिथे एकेकाळी झेंड्या होत्या तिथे ती बूड टेकायची. तिच्या हिशेबाने पुढे जाणं हा गुन्हा होता आणि हार्लन तिला गुन्ह्याला फूस लावत होता. कोरीनने उपाय सांगितला: पट्टा काढून, रोज एकाच जागेवरून, उचलून पलीकडे न्यायचं. पण बॅसेट उचलायची म्हणजे सिमेंटचं पोतं उचलण्यासारखं, आणि हार्लनची कंबर पूर्वीची राहिली नव्हती. म्हणून त्याने बागकामाची एकचाकी हातगाडी काढली, तिच्यात न्हाणीघरातली जुनी पायपुसणी अंथरली आणि मेबलला त्यात बसवलं. रोज सकाळी कोच आपल्या कुत्रीला हातगाडीतून अंगणाबाहेर ढकलत नेतोय, टपालपेटीपाशी उतरवतोय आणि मग दोघं फिरायला जातायत, हे दृश्य वसाहतीच्या अंगवळणी पडलं. परत येताना मात्र ती आपल्या पायांनी यायची.

ऑक्टोबरमध्ये जनीन आली. तिने टेक्ससमध्ये आता अंगणाचं घर घेतलं होतं, चांगलं उंच लाकडी कुंपण असलेलं, आणि मेबलला न्यायला ती गाडी चालवत एवढ्या लांब आली होती. मेबल तिला बघून गोल गोल फिरली, रडल्यासारखे आवाज काढले, तिच्या बुटावर झोपली. हार्लनने मुलीची गाडी तपासली, टायरमध्ये हवा कमी आहे असं सांगितलं आणि रात्री लवकर झोपायला गेला.

सकाळी निघायची वेळ झाली. गॅरेजकडे जाणाऱ्या अंगणातल्या वाटेवर हार्लनने आदल्याच दिवशी काळं डांबरी रोगण फासलं होतं, ते वाळलं नव्हतं, म्हणून जनीनची गाडी बाहेर रस्त्यावर उभी होती. जनीनने मेबलचा पट्टा काढला, गाडीचं दार उघडलं आणि हाक मारली. मेबल धावत आली, कडेपर्यंत आली आणि बसली. जनीनने बिस्किट दाखवलं. मेबलच्या तोंडाला पाणी सुटलं, पण बूड हललं नाही. दोरी ओढून बघितली तेव्हा ती सरळ आडवीच झाली.

"तिला यायचं नसेल," ओट्यावरून हार्लन म्हणाला. दोन्ही हात त्याने खिशात घातले होते.

वर्नाने गॅरेजकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. हार्लनने छताच्या पन्हळीकडे पाहिलं.

जनीन रस्त्याच्या कडेला बसली. आपण मेबलला इतके महिने टाकून गेलो म्हणून ती रागावली असणार, असं ती आईला म्हणाली आणि रडायला लागली. हार्लनने दुपारी जेवूनच निघ असं सुचवलं आणि घाईघाईने आत गेला. वर्ना त्याच्या मागोमाग स्वयंपाकघरात आली. तो पाव कापत होता, गरजेपेक्षा कितीतरी जास्त.

"तू सांगतोस की मी सांगू?" तिने विचारलं.

त्याने सुरी खाली ठेवली. मग गॅरेजच्या आतल्या दाराने गेला आणि हातगाडी घेऊन हिरवळीवरून बाहेर आला. चाकाची करकर ऐकून मेबल उठली, चालत आली आणि पुढचे दोन पाय हातगाडीत ठेवून मागच्या बाजूला कुणीतरी हात लावायची वाट बघत उभी राहिली. हार्लनने हात लावला. मग तिला ढकलत तो कडेपलीकडे घेऊन गेला, थेट गाडीच्या उघड्या दारापर्यंत.

जनीन उठून उभी राहिली. "डॅड, हे तुला मघाशीच माहीत होतं?"

"होतं."

"मग मला तिथे रडत बसू दिलंस?"

हार्लनला पुष्कळ कारणं सुचली. कंबर, ओलं रोगण, टायरमधली हवा. शेवटी त्याने खरं तेच सांगितलं. "ही गेल्यावर सकाळी कशासाठी उठायचं, ते अजून सुचलेलं नाही मला. दुपारपर्यंत सुचेल असं वाटलं."

मेबल हातगाडीत बसून दोघांकडे आळीपाळीने बघत होती.

"मी गेले तेव्हा असं काही बोलला नाहीस," जनीन म्हणाली. "नुसती टेक्ससला नावं ठेवलीस."

"तेच सांगत होतो."

ती हसायला लागली, मग तिने डोळे पुसले, मग पुन्हा हसली. त्या दुपारी ती निघालीच नाही. जेवताना तिने स्वतःच कबूल केलं की हॉस्पिटलातल्या तिच्या पाळ्या लांबच लांब असतात आणि मेबलला दिवसचे दिवस एकटीने काढावे लागतील. त्याने काही बिघडणार नाही, असं ती येताना वाटेभर स्वतःला समजावत आली होती. शेवटी ठरलं ते असं: मेबल इथेच राहील, पण हिवाळ्यात टेक्ससला येईल, आणि तिला घेऊन येईल हार्लन. गाडीने, म्हणजे गुडघ्यांचा प्रश्न नको. हार्लन म्हणाला की विचार करावा लागेल. वर्ना म्हणाली की झाला विचार करून.

नाताळ आटोपल्यावर ते निघाले. मागच्या सीटवर मेबल, पुढे वर्ना, आणि हार्लन प्रत्येक राज्याच्या रस्त्यांना नावं ठेवत गाडी हाकतोय. पोचल्यावर त्याने जनीनचं लाकडी कुंपण फळी फळी ठोकून पाहिलं आणि एक फळी सैल निघाल्यावर त्याला बरं वाटलं. आठवडाभर राहू म्हणून आले होते. पण ती फळी बदलायची राहिली होती, मग दाराची बिजागरी करकरायला लागली, मग जनीनच्या गाडीचं तेल बघायला हवं होतं. परत कधी जायचं, हे वर्नाने विचारायचं सोडून दिलं.

जनीन रात्रपाळी करून यायची तेव्हा तो तिच्यासाठी पॅनकेक करून ठेवायचा. एका सकाळी ती हॉस्पिटलच्या कपड्यांतच जेवायला बसली, दोन घास खाल्ले आणि बसल्या बसल्याच झोपली. हार्लनने तिच्या हातातला काटा अलगद काढून घेतला, ताटली बाजूला सारली, दिवा मालवला. मेबल मागच्या दारापाशी उभी होती. त्याने कडी आवाज न करता उघडली आणि दोघं अंगणात गेली.