भेटीची कुंडी

मित्रांनो, माझ्या शेंदरी पाठीकडे पाहून तुम्ही 'किती सुंदर!' म्हणाल. ऑड्रीबाईही तसंच म्हणाल्या होत्या. मी लिलीच्या पानांवर जगणारी भुंगेरी. आमचे पूर्वज कुठल्या तरी परक्या मुलखातून, कंदांच्या मातीत दडून इंग्लंडात आले. आम्हांला टिपणारे शत्रू मागेच राहिले आणि आम्ही इथल्या बागांच्या मुळावर उठलो.

माझा हिवाळा मॅव्हिसबाईंच्या लिलीच्या कुंडीतल्या मातीत गेला. वसंतात मी वर आले, पानं कुरतडू लागले आणि दोनच दिवसांनी त्यांनी ती कुंडी उचलून शेजारी ऑड्रीबाईंच्या दारात नेली. ऑड्रीबाईंचे यजमान, विल्फ, नुकतेच गेले होते. त्यांनी हातानं लावलेल्या पांढऱ्या लिली मागच्या वाफ्यात होत्या. जुलैत त्यांची पहिली फुलं विल्फच्या कबरीवर ठेवायची, एवढीच एक आस बाईंना उरली होती.

"घे गं, विल्फच्या लिलींना सोबत," मॅव्हिसबाई म्हणाल्या. "माझ्या हातचं रोप आहे. तुझ्या केकसारखं खाली बसायचं नाही!"

ऑड्रीबाई कितीतरी दिवसांनी हसल्या. पानांना पडलेली भोकं त्यांना दिसली. मीही दिसले. पण भेट आलेल्या रोपाची पानं उलटून बघायची, तीही देणारीच्या डोळ्यांदेखत? आमच्या गावात ते शोभत नाही. "किती सुंदर!" एवढंच म्हणून त्यांनी चहा ठेवला आणि दुपारी ते रोप विल्फच्या वाफ्यात लावलं.

पुढचं मी आई म्हणून केलं. पानांच्या पाठीला अंडी चिकटवली. पोरं निघाली ती स्वतःचीच घाण अंगावर लिंपून बसली. किळसवाणी दिसेनात का, पाखराच्या चोचीत जायला नकोत, असं मला वाटे. पण त्यांची भूक वाईट. पानं गेली, देठ सोलवटले, मग कळ्या.

ऑड्रीबाई चष्मा लावून आम्हांला वेचत. बोटं जवळ आली की मी खाली उताणी पडे. माझं पोट काळं, माती काळी. "देवा, एक तरी कळी ठेव," त्या पुटपुटत. आणि त्या वळल्या की मी त्याच कळीवर चढे. दुसरं काही खाऊन माझं पोट भरत नाही.

जुलैत एकही फूल उमललं नाही. बाईंनी फावडं आणलं आणि विल्फचे कंद उपसून पोत्यात भरले.

कुंपणावरून मॅव्हिसबाई ओरडल्या, "अगं, वेड लागलं का? विल्फच्या लिली त्या!"

ऑड्रीबाईंनी मान वर केली नाही. "गुडघे साथ देत नाहीत गं. वाफा आवरायचाच होता."

"मग आधी नाही सांगायचं! थांब, माझ्याकडे आणखी कुंड्या आहेत. एक कबरीवर ठेवू. बाकीच्या चर्चच्या विक्रीला देते."

बाईंनी पोत्याचं तोंड आवळून बांधलं. "किती चांगली आहेस," त्या म्हणाल्या.

मी आता रिकाम्या वाफ्याच्या कडेला बसले आहे. खाली मातीत माझी पोरं कोशात झोपली आहेत. उठतील तेव्हा इथे पान नसेल. पण त्यांना पंख असतील आणि कुंड्या गावभर गेलेल्या असतील.

मित्रांनो, कुणी मायेनं रोप दिलं तर जरूर घ्या, पण पानं उलटून बघा. काही दिसलं तर तिथल्या तिथे सांगा. देणाऱ्याला वाईट वाटेल. वाटू द्या.