ताडपत्रीचे चार कोपरे

गौरव दुकानातच ताडपत्रीखाली उकिडवा बसला आणि हात वर करून उंची बघू लागला.

"बसून काय कळणार? उभे राहा," दुकानदार म्हणाला. "जेवण करणार, गप्पा मारणार, ते काय वाकून?"

गौरव उभा राहिला. डोकं कापडाला लागलं.

"अजून उंच हवी."

"खांब वाढतात की! माणसं किती आहात?"

गौरव क्षणभर घुटमळला. "दोघं-तिघं."

"झोपणारे किती?"

"एक."

दुकानदार खो खो हसला. "आणि बाकीचे काय राखणीला?"

खेडच्या बाजारपेठेतलं हे दुकान मूळचं छत्र्या आणि रेनकोटचं. गडांवर पुण्या-मुंबईची पोरं मुक्कामाला यायला लागली तशी मालकाने अर्धी भिंत तंबू, दोऱ्या आणि गुंडाळी होणाऱ्या सतरंज्यांना दिली होती. माणूस मोठा हौशी. माल उघडून, उभारून दाखवल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. आषाढातल्या भर पावसात कॅम्पिंगला निघालेलं गिऱ्हाईक म्हणजे त्याला आपल्याच जातीचा वेडा भेटल्यासारखं झालं होतं. त्याला खरं काय ते सांगायची गौरवची छाती नव्हती. ही ताडपत्री त्याला वडिलांच्या सरणावर धरायला हवी होती, आणि वडील अजून जिवंत होते.

वडिलांना, म्हणजे धाकूला, इस्पितळातून घरी आणून आठवडा होत आला होता. डॉक्टरांनी काखा वर केल्या नव्हत्या, फक्त आवाज खाली आणून, "आता घरीच बरं," असं म्हटलं होतं. त्याचा अर्थ सगळ्यांना कळला. धाकूलाही कळला. घरी आल्यापासून तो पडवीतल्या खाटेवर पडून नुसता पाऊस बघत असे.

पावसात मरण येणं ही वाडीला नवी गोष्ट नव्हती. नदीकाठच्या स्मशानात छप्पर नाही, कधीच नव्हतं. वाडीचा रिवाज असा, की माणूस गेलं की घरटी एक सुकं लाकूड यायचं, वाडीची मोठी ताडपत्री निघायची आणि चार धडधाकट गडी तिचे चार कोपरे डोक्यावर धरून सरणाभोवती उभे राहायचे. जाळाने एकदा नीट पेट घेतला की मागे सरायचे. मग कितीही कोसळू दे, आग हटत नाही. आजवर वाडीत कोणी अर्धवट जळलं नव्हतं.

एकच तशी गेली होती. गौरवची आई, गंगुबाई. गेल्याच वर्षी, याच दिवसांत.

तोवर घराला वाळीत टाकून वर्ष उलटलं होतं. देवळाच्या स्लॅबसाठी देवराईतली जुनी झाडं विकायचं गावकीत ठरलं, आणि गौरवने तक्रार करून लाकडाचा ट्रक अडवला, एवढाच त्याचा गुन्हा. सभेत त्याला देवापुढे नारळ ठेवून चूक कबूल करायला सांगितलं. त्याने नारळ ठेवला नाही. घरी आल्यावर त्याने बापाकडे बघितलं, तेव्हा धाकू म्हणाला होता, "बरोबर केलंस." त्या दिवसापासून या घराशी कोणी बोलेना. बोलेल त्याला दंड. कायदा आहे, असं गौरव कामाला होता त्या लोट्याच्या कंपनीतली माणसं त्याला सांगत. कायदा होता, पण पाणवठ्यावर तोंड फिरवणाऱ्या बाईचं तोंड कायद्याने कसं वळवायचं, ते त्यातल्या कोणाला ठाऊक नव्हतं.

गंगुबाईला न्यायला कंपनीतले दोघे सोबती रात्रपाळी करून तसेच आले होते. चौथा खांदा धाकूचा. लाकडं घरची, ओली. ताडपत्रीच्या नावाने घरातलं फाटकं प्लास्टिक. ते धरायला कोपरे चार आणि माणसंही चारच. मग पेटवायचं कोणी? गौरवने कोपरा सोडला की पाणी सरणावर धो धो पडे. डिझेल ओतून झालं, टायर घालून झाले. संध्याकाळपर्यंत ते चौघे तिला जाळत होते. नदीपलीकडच्या बांधावर वाडीतली काही माणसं छत्र्या घेऊन उभी होती आणि बघत होती. त्या माणसांचा गौरवला अजूनही इतका राग यायचा की हातातला घास खाली ठेवावा लागे.

"ही घ्या," दुकानदाराने एक चंदेरी घडी पुढे केली. "पाखरासारखी हलकी. पाठीवर टाकून मंडणगडावर चढा, कळणार नाही."

"खाली आग पेटवली तर?"

"शेकोटी? मग ही नको. नायलॉन आहे, ठिणगी उडाली की भोक. केवढी शेकोटी?"

गौरवने हात आडवा करून छातीशी धरला. दुकानदार त्या हाताकडे बघत राहिला.

"अहो, बकरा भाजताय की काय?"

"पेट घेतला की काढून टाकायची. तेवढ्यापुरतीच हवी."

"मग ही निळी न्या. भाताची मळणी झाकायला नेतात ती. जाड आहे, स्वस्त आहे. खांब मात्र नाहीत. झाडांना बांधा, नाहीतर चौघांनी धरा चार कोपरे."

"चौघं नाहीत," गौरव म्हणाला.

दुकानदाराचं हसू किंचित ओसरलं. तो उठला. आतून मेण दिलेल्या जाड कापडाची एक ताडपत्री काढली, लोखंडी खांब काढले, खुंट्या काढल्या, आणि दोर कसा ताणायचा, पाणी एका बाजूने उतरायला एक खांब आखूड कसा ठेवायचा, हे सगळं जमिनीवर बसून नीट दाखवलं. "एकटा माणूस उभी करू शकतो," तो म्हणाला. "कोणाची गरज लागत नाही." गौरवने तीच घेतली.

सकाळी निघताना बायकोने, समीक्षाने, त्याला अडवलं होतं. "माणूस घरात श्वास घेतंय," ती चुलीकडूनच म्हणाली होती, "आणि तुम्ही त्याची तयारी करायला निघालात. मन कसं धजतं तुमचं?" तिचंही चुकत नव्हतं. पण आईला जाळणारा हात तिचा नव्हता, त्याचा होता.

घरी पोचेपर्यंत दुपार झाली. फटफटीवरून ओझं उतरवताना शेजारच्या घरापुढच्या खळ्यात चुलतभाऊ अजिंक्य दिसला. नेहमी तो पाठ वळवी. आज उभा राहून बघत होता. गौरवला नवल वाटलं. समीक्षा मात्र बाहेर आली नाही.

त्याने भिजतच खळ्यात ताडपत्री उभी करायला घेतली. पहिल्यांदा कोसळली, दुसऱ्यांदा एका बाजूला कलली. तिसऱ्यांदा त्याने दोर ताणला, एक खांब आखूड केला आणि कापड डोक्यावर ताठ उभं राहिलं. पाणी एका कडेने पन्हळीसारखं ओघळू लागलं. खाली जमीन कोरडी. त्याने मध्ये उभं राहून दोन्ही हात पसरले. कोणीही धरलेलं नव्हतं आणि ती उभी होती. दोन वर्षांत पहिल्यांदाच आपण वाडीला पुरून उरलो, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याची त्याला लाजही वाटली नाही.

पडवीतून धाकू हे सगळं बघत होता. त्याने खूण करून लेकाला जवळ बोलावलं. गौरव अंग पुसत खाटेच्या कडेवर बसला.

"बरी उभी रायली," धाकू म्हणाला.

"वाऱ्यालाही हलणार नाही, बाबा."

"व्हय." म्हातारा श्वास गोळा करून म्हणाला, "गावकार येऊन गेला."

"कुठे?"

"हितं. पडवीत. तू खेडला गेलास तवा. च्या पन पिला."

गौरव ताडकन उठला. वाळीत टाकलेल्या घरचं पाणीसुद्धा कोणी तोंडाला लावत नाही. गावचा मुख्य माणूस पडवीत बसून चहा पितो याचा अर्थ वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. म्हणून अजिंक्य बघत होता! गौरवचा जीव भांड्यात पडला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्याने लपवलं नाही.

"म्हणजे बंदी उठली, बाबा?"

"माज्यापुरती."

गौरवला कळलं नाही. तो खाली बसला.

"मीच सांगावा धाडला व्हता," धाकू छपराकडे बघत बोलू लागला. "येतील म्हनाला सगळी. घरटी लाकूड येईल. वाडीची ताडपत्री काडतील. चार पोरं धरतील, जाळ धरेपत्तूर."

"आणि मी?"

"आग अजिंक्य देईल."

पाऊस एकदम वाढला. खळ्यातल्या ताडपत्रीवर त्याचा मोठा आवाज होऊ लागला, म्हणून धाकूला पुढचं जरा ओरडून सांगावं लागलं. "तू वाडीत नसायचं त्या दिवशी. तशी बोली झालीय. मी व्हय म्हटलं."

एकुलता एक मुलगा होता तो. बापाला अग्नी द्यायचा एवढा एकच हक्क असा असतो, की जो मागावा लागत नाही. तो बापाने चहाच्या कपाबरोबर देऊन टाकला होता. गौरवला राग यायला हवा होता, पण त्याच्या तोंडून आधी दुसरंच निघालं.

"मी चुकलो का, बाबा?"

"नाय रं. तू बरोबर हायस."

"मग?"

"तुजी आय अर्दी रायली," धाकू म्हणाला. आता त्याने मान वळवून लेकाकडे सरळ बघितलं. "मी कोपरा धरून बगितलंय. तू बरोबर हायस म्हनून मलापन पावसात ठेवशील?"

"म्हणून तर ही आणली!" गौरवने खळ्याकडे हात केला. त्याचा आवाज फाटला. "ही बघा ना. धरायला कोणी लागत नाही हिला. मी एकटा सगळं करीन."

धाकूने ताडपत्रीकडे बघितलं. बराच वेळ, मन लावून. बाजारातून आणलेली वस्तू पोराने कौतुकाने दाखवावी आणि बापाने ती बघावी, तसं.

"चांगली हाय," तो म्हणाला. "पन मानूस नाय तिच्यात."

दारात समीक्षा उभी होती. गौरवने तिच्याकडे बघितलं. "आणि हिने काय करायचं? हिलाही हाकलायचंय?"

"तिला रावदे म्हनाला. पंगतीचं कोन करनार?"

"तुला ठाऊक होतं?" गौरवने तिला विचारलं.

"चहा मीच केला," समीक्षा म्हणाली आणि पदर तोंडाशी नेऊन आत गेली.

गौरव बसून राहिला. उठावं, बापाला गदागदा हलवावं, अजिंक्यच्या दारात जाऊन शिव्या द्याव्यात, असं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. पण समोर खाटेवर जे होतं ते इतकं थोडं उरलं होतं, की त्याच्याशी भांडायचं कुठून हेच त्याला कळेना. धाकूचा हात चादरीवरून सरकत त्याच्या गुडघ्यापाशी आला आणि तिथे टेकला. हात थंडगार होता.

"तू कामावर जा त्या दिवशी," धाकू म्हणाला. "लोट्याला. सायबाला आजच फोन कर. मागनं घोटाळा नको. तू हितं दिसलास की ती लोकं सरनावरची लाकडं उचलून घरी जातील. गावकार तसं सांगून गेलाय."

"आज कशाला?"

"माज्या समोर कर."

म्हाताऱ्याच्या डोळ्यांत भीती होती. गावकीची नव्हे, लेक ऐनवेळी शब्द मोडेल याची. ती ओळखली आणि गौरवला आपल्या बापाची किळस आली, आणि त्याच क्षणी तितकीच मायाही आली. त्याने फोन काढला. पडवीच्या टोकाला गेलं की नीट आवाज येई. तिथे भिंतीला टेकून त्याने सुपरवायझर दीपकला फोन लावला.

"बोल गौरव. बाबा कसे आहेत? रजा हवी का?"

"रजा नको, साहेब. उलट एक दिवस दोन्ही पाळ्या लावून द्या मला. सकाळची आणि त्याला लागून दुपारची."

"दोन्ही? बरं, देतो. माणसं कमीच आहेत. कुठल्या दिवशी?"

गौरवने वळून बघितलं. खाटेवरून धाकू मान उचलून त्याच्याकडे बघत होता.

"कळवतो," गौरव म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

"काय म्हनाला?" धाकूने विचारलं.

"देतील म्हणाले. दिवस विचारत होते."

म्हाताऱ्याची मान उशीवर परत टेकली. त्याने डोळे मिटून थोडा विचार केला.

"सांग त्येंना," तो म्हणाला, "लय लांबवनार नाय."