मागे नेलेली तारीख

“सर, फिर से नहीं मिला,” राधिका म्हणाली आणि तिने खुर्ची मागे सारली.

देवीदास मेश्रामने चष्मा काढून डोळे चोळले. सकाळपासून हेच चाललं होतं. धान खरेदी केंद्रांवरच्या वजनकाट्यांचा प्रोग्राम त्याने लिहिला होता. काटा कमी दाखवतो, अशी कुणीतरी तक्रार केली आणि राज्याच्या नव्या राजधानीतल्या चकचकीत कार्यालयाने तपासाला राधिकाला बसवलं. देवीदासने जमा केलेल्या मूळ कोडवरून तिने फाईल पुन्हा बनवायची आणि काट्यावर चालणाऱ्या फाईलशी ताडून पाहायची. दोन्ही जुळल्या नाहीत, तर त्याने कोड एक दाखवला आणि काट्यावर दुसराच चढवला, असा अर्थ. म्हणजे शेतकऱ्याचं धान खाल्लं. कंत्राटी नोकरी गेली तर गेली, पण चोर म्हणवून घेऊन पुरानी बस्तीत, आपल्या मोहल्ल्यात राहायचं कसं?

“मी काहून बदलवीन, पोरी?”

“मैं मानती हूँ, सर. फाइल नहीं मानती.” राधिकाच्या घरी सगळे मराठी बोलत, ही उत्तरं तेवढी हिंदीत द्यायची.

शेवटी तिने दोन्ही फायली शेजारी शेजारी उघडल्या. फरक दोनच ठिकाणी निघाला. फाईल बनल्याची तारीख आणि ज्या फोल्डरात ती बनली त्याचं नाव. दोन्ही आपोआप फाईलच्या पोटात जाऊन बसली होती.

“पुरानी वाली में भावना लिखा है. ये कौन?”

“घरवाली. घरचा कॉम्प्युटर तिनंच हट्टानं घ्यायले लावला, म्हून तिच्या नावाचं फोल्डर. तवा जुन्या हापिसात सारखी लाइट जाये, तं घरीच बनवली मी फाईल.”

“तो वही कॉम्प्युटर ले आइए.”

“ती गेल्यावर इकून टाकला.”

राधिकाने खुर्ची पुन्हा पुढे ओढली. मग हळूच म्हणाली, “यहीं बना लेते हैं. वही नाम, वही तारीख. साहब को बिल्कुल सेम चाहिए.”

फोल्डरला नाव देवीदासनेच दिलं. कितीतरी दिवसांनी ते नाव त्याच्या बोटांतून उतरलं. राधिकाने मशीनची तारीख मागे नेली. त्या तारखेला भावना स्वयंपाकघरात ताटं वाढत होती आणि आता जेवता की नाही, म्हणून ओरडत होती.

फाईल बनली. ताडून पाहिली.

“मिल गया, सर! एकदम सेम!” राधिकाला हसू आवरेना. “मैं साहब को बताती हूँ. आप तारीख ठीक कर दीजिए.”

देवीदासला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. त्याला फक्त थकल्यासारखं वाटलं. त्याने माउस ओढून घेतला. बाण दाबला की कॅलेंडर एक महिना पुढे सरकायचं. तो दाबत गेला. दिवाळी गेली, नवं वर्ष आलं. एका फेब्रुवारीवर त्याचं बोट थांबलं. पुढच्या महिन्यात भावना नव्हती.

राधिकाने दारातून वळून पाहिलं. “माउस अटक गया क्या, सर?”

“हव,” देवीदास म्हणाला.

मग त्याने बाण दाबला.