बोनकोड्याच्या मिठागरातली टिटवी

मित्रांनो, मी एक म्हातारी टिटवी आहे. बोनकोड्याच्या मिठागरात माझा जन्म गेला. आभाळ कोसळलं तर झेलता यावं म्हणून मी पाय वर करून झोपते, असं लोक सांगतात. त्या थापा आहेत. पण मी घाबरट आहे, हे खरं. उघड्या जमिनीवर अंडी घालणारीनं घाबरू नये तर काय करावं?

एकोणीसशे साठच्या उन्हाळ्यात मी उंच बांधावर चार अंडी घातली होती. खाडीकाठच्या तिवरांच्या झाडीतून कोल्हा आला आणि चारही खाऊन गेला. मी त्याच्या डोक्यावर ओरडत राहिले. त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही. पुढच्या वर्षी बांधावर बसायचीही माझी छाती होईना. कोल्हा बांधावरूनच चालतो, म्हणून मी खाली, मिठाच्या रिकाम्या वाफ्यात चार अंडी घातली. मातीच्या रंगाची अंडी मातीत कुणाला दिसणार?

हिरामणला दिसली. तो त्या मिठागरावर राबणारा आगरी. आमची अंडी उंचावर असली तर पाऊस लवकर, खाली असली तर उशिरा, असं त्याच्या वाडवडिलांपासून ठरलेलं.

"आये, टिटवीनं आवंदा खाली घातलीन अंडी," तो आईला म्हणाला. "पाऊस लांबनार. या वाफ्यात मिठासाठी खाडीचं अजून एक पानी घेऊ. मीठ झाकायची पन घाई नाय."

भरती चढत होती. हिरामणनं बांधातल्या उघाडीची पाणी अडवणारी फळी काढली आणि खाडीचं पाणी वाफ्यात शिरलं. मी त्याच्या डोक्यावरून किंचाळत फिरले. पंख मोडल्याचं सोंग करून त्याच्या पायापुढे लोळले. त्यानं ढेकूळ उचलून मारलं.

"अपशकुनी कुठली!"

पाणी अंड्यांपासून वीतभर राहिलं होतं. तेवढ्यात त्याची आई, शेवंताबाई, लुगडं खोचून वाफ्यात उतरली.

"हिरामन, जिच्या अंड्यांवर भरोसा ठेवलास, तिचीच अंडी बुडवतस?"

तिनं हातांनी चिखल ओढून अंड्यांभोवती गोल बांध घातला. हिरामण पुटपुटला, पण त्यानं उघाडी बंद केली.

काही दिवसांनी चारही पिल्लं बाहेर पडली. त्याच आठवड्यात, वेळेच्या कितीतरी आधी पाऊस आला आणि हिरामणची न झाकलेली मिठाची रास विरघळून गेली. दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन वाफ्याकडे आला. मी पिल्लांना इशारा केला, ती जमिनीला चिकटून निपचित पडली. तो वाफ्याच्या कडेला थांबला.

"खोटं बोललीस गो," एवढंच म्हणाला आणि निघून गेला.

मित्रांनो, मी पावसाबद्दल काहीच बोलले नव्हते. मी फक्त कोल्ह्याला भ्याले होते. खाडीकाठी आमची अंडी दिसली तर पाय जपून टाका, आणि ती तिथे कुणाच्या भीतीनं घातली आहेत, ते आधी बघा.