टाचेला चावणारा जोडा

आमच्या तलवाड्यात बंकटाइतका पट्टीचा थापाड्या दुसरा झाला नाही. पारावर बसून तो गोष्टी सांगायचा आणि शहाणीसुरती माणसं आ वासून ऐकायची. मी एकदा चिडून विचारलं, "का रं, तुझं खोटं लोकांना खरं कसं वाटतं?"

"राजा शिकारीला निघाला म्हणलं की कुणी ऐकत न्हाई," तो म्हणाला. "राजाला पडसं झालतं म्हण, मंग बघ कसे जवळ सरकतात."

मानमोडीच्या तापाची साथ आली त्या साली बंकट आणि गावातलाच शहादेव हैद्राबादला एका नवाबाच्या तबेल्यात कामाला गेले. परत आला तो एकटा बंकट. शहादेव तापानं गेला होता. मुसी नदीच्या काठी बंकटानंच त्याला आग दिली होती आणि राखही तिथंच सोडली होती. हे त्यानं मला वेशीतच सांगितलं. पण शहादेवची आई, साखराबाई, दारात उभी होती. त्या पोराशिवाय तिला जगात कुणी नव्हतं. तिला पाहून बंकटाला खरं सांगवेना.

"बरा हाय, माय," तो बोलून गेला. "मालक सोडीना. तबेल्यातला जोडा टाचेला चावतो म्हणून तेवढा कुरकुरतो."

म्हातारी हसली. मग दर बाजाराला बंकट कुणाच्या तरी तोंडी आलेला निरोप तिला सांगायचा. तिथलं कालवण अळणी लागतं, एक घोडी लाथा झाडते, टाच अजून बरी नाही. मला संताप यायचा. पण म्हातारी दोन घास जास्त खायला लागली होती, हेही मी बघत होतो.

दिवाळी झाली आणि साखराबाईनं मऊ कातड्याच्या वहाणा शिवून घेतल्या. भाकरी बांधल्या. म्हणाली, "लेकाच्या टाचेचं आता मीच बघते." त्या वयात ती पायी हैद्राबादला निघाली होती. बंकटानं माझ्यादेखत तिचे पाय धरले.

"माय, शहादेव न्हाई राहिला. तापानं गेला. मी खोटं बोललतो."

"जाताना काय बोलला?"

"काईच न्हाई. शुद्धच नव्हती."

"पाणी मागितलं?"

"न्हाई."

तिनं भाकरीचं गाठोडं उचललं. बंकट घाबरला आणि म्हणाला, "तुझं नाव घेतलं, माय. आय आय म्हणतच गेला."

"आत्ता तर शुद्ध नव्हती म्हणलास," साखराबाई शांतपणे म्हणाली. "ही गोष्ट तुला जमली न्हाई, बंकटा. मी म्हातारी वाटंत पडंल म्हणून अडवतोस मला. मेलेल्या समद्यांचंच असं सांगतात. जोडा चावतो, हे कुणी कशाला रचंल?"

मीही सांगून पाहिलं. तिनं मला विचारलं, "तू गेलतास का तिथं?" मी नव्हतो गेलो.

"ऊठ," ती बंकटाला म्हणाली, "आन् वाट सांग."

बंकटानं वाट सांगितली नाही. तो उठला, तिच्या हातातल्या वहाणा आणि भाकरीचं गाठोडं घेतलं आणि तिच्यापुढं चालू लागला. मी वेशीपर्यंत गेलो. पाठीमागून येणारी साखराबाई त्याला विचारत होती, त्या लाथाडी घोडीचा रंग कसा आहे, आणि बंकट मान खाली घालून सांगत होता.